एका रोझरीपुरतं मिटलेलं झाकण

सोमवार, २ सप्टेंबर
दाब १५० वर, ९० खाली.

दवाखान्यातल्या नर्सने ही वही दिली. रोज सकाळी दंडाला पट्टा बांधायचा आणि आकडे लिहायचे. दोन आकड्यांसाठी अख्खं पान! कागद वाया घालवायची मला सवय नाही, म्हणून उरलेल्या जागेत माझं लिहिते. नर्स आकड्यांपुढे वाचणार नाही. वाचायला गेली तरी तिसरी शिकलेल्या म्हातारीचं अक्षर तिला लागणार नाही.

केळीच्या बागेत पडले त्याला आज तेवीस दिवस. खुबा मोडला नाही, चिरला आहे म्हणे. माझी नात नामुली कंपालातली खोली सोडून इथे मित्यानाला येऊन राहिली. मी बोलावलं नव्हतं. फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, "पडले आहे, मेले नाही." तरी आली. मला न्हाऊ घालते, कच्च्या केळ्यांचं मटोके शिजवते (पाणी जरा जास्त घालते), आणि उरलेला सगळा वेळ जेवणाच्या टेबलावर त्या लॅपटॉपसमोर बसते. काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. चित्र नाही, गाणं नाही. मी म्हटलं, "हे टीव्हीसारखं दिसतं, पण बघण्यासारखं काही लागत नाही." ती हसली. हसली की अगदी तिच्या मेलेल्या बापासारखी दिसते.


बुधवार, ४ सप्टेंबर
दाब १४५/९०.

आज सकाळी नामुली किंचाळली. मला वाटलं साप. तर तिचा नंबर लागला होता.

नंबर कसला ते तिने नीट सांगितलं. मोठं गणित करणारं खरं यंत्र इथे नाहीच. ते पार दक्षिणेला, दुसऱ्या देशात, एका दालनात आहे. शेकडो यंत्रं एकत्र जोडलेली. सगळीकडची माणसं त्यासाठी रांगेत असतात. ही एकोणीस दिवस रांगेत होती. आता चार दिवस ते हिचं.

"मग तू इथे कशी? तिथे जायला नको?"

"इथूनच, जज्जा. मी इथे एक ओळ लिहिते, ते तिथे करतं, उत्तर इथे येतं. मग ते बघून मी पुढची ओळ लिहिते. ते विचारतं, मी सांगते."

गणित केळीचं आहे. मर रोगाचं. घड झाडावरच अवेळी पिकतो, कापला की पिवळा चीक गळतो, आणि वर्षात बाग साफ. चारशे बागांमधले रोगाचे जंतू हिच्या विद्यापीठाने गोळा केलेत. कोणता कोणाचा भाऊबंद, कुठून कुठे गेला, ते ही शोधते आहे. सोमवारपर्यंत निकाल पाठवला तर केळीच्या संशोधन केंद्रात तिला जागा मिळेल. एकच जागा आहे. तिच्या मॅडम, डॉक्टर अतिम, तिचं नाव पुढे करणार आहेत.

मग तिने मला टेबलाजवळ नेऊन बोट रोखलं, जशी मी तिला लहानपणी चुलीजवळ नेऊन रोखायचे.

"जज्जा, हे झाकण मिटायचं नाही. मिटलं की हे झोपतं. हे झोपलं की तिकडचा दोर तुटतो. दोर तुटला की झालेलं सगळं गेलं आणि जागा रांगेतल्या पुढच्याला."

"आणि वीज गेली तर?"

"याला बॅटरी आहे, नेटच्या डबीलाही आहे. वीज गेली तरी चालेल. झाकण नाही. खरं तर दोर तिकडेच बांधून ठेवायची एक युक्ती असते. घाईत मी ती केली नाही. आता चालू काम थांबवल्याशिवाय करता येत नाही."

"मी काय मांजर आहे त्यावर बसायला?"

"मांजराला मी सांगितलं नसतं. ते ऐकत नाही."

मी म्हटलं, "कळलं. मटोके वाफेवर असताना वरची पानं उचलायची नाहीत, तसं."

"अगदी तसं." आणि तिने माझ्या कपाळाची पापी घेतली. असले लाड मला चालत नाहीत. पण घेतली.


गुरुवार, ५ सप्टेंबर
दाब १६०/९५.

आज रोझरी झाली. पाऊस नाही. बाकी काही नाही.


शुक्रवार, ६ सप्टेंबर
दाब १७०/१००. पट्टा दोनदा बांधला, दोन्ही वेळा तेच.

काल खोटं लिहिलं. स्वतःच्या वहीत खोटं लिहिणारी बाई किती मूर्ख म्हणावी! वाचणार कोण होतं? आज लिहिते.

मी पडल्यापासून दर गुरुवारी चार वाजता चर्चच्या मंडळाच्या बायका मरियामातेची मूर्ती घेऊन आमच्याकडे रोझरीच्या प्रार्थनेला येतात. त्यांच्यात फेलिसिता असते. तिची बैठकीची खोली सगळ्या पॅरिशमध्ये पहिली. कोचाच्या प्रत्येक पाठीवर विणलेला रुमाल, पांढरा, खळ घातलेला. टीव्हीवर रुमाल, रेडिओवर रुमाल. माझेही आहेत, पण पिवळे पडलेत. मागच्या गुरुवारी टेबलावरच्या काळ्या पडद्याकडे बघून ती मला म्हणाली होती, "नालोंगो, तुझ्या घरात मातेपेक्षा त्या डब्याचाच उजेड जास्त." बायका हसल्या. मीही हसले. तो आठवडा मी त्या हसण्यावर काढला.

काल पावणेचारला नामुली माझ्या दाबाच्या गोळ्या आणायला गावात गेली. संपल्या होत्या. जाताना म्हणाली, "आता ते एकटंच काही तास काम करेल, मी येते." चार वाजून गेले. फाटकाशी बायकांचा आवाज आला. मी टीव्हीवर रुमाल टाकला. मूर्तीसाठी चौरंग पुसला. मग टेबलाकडे पाहिलं. पडद्यावर अक्षरं सरसर वर जात होती.

विसरले असं मी म्हणणार नाही. बोट रोखलेलं मला दिसत होतं. पण मनात म्हटलं, रेडिओ बंद करून परत लावला की गाणं चालूच असतं. आजकालच्या पोरी कशाचंही अवडंबर करतात. एका रोझरीपुरतं तर आहे. आणि मिटलं. वर माझा नवा रुमाल घातला, डाळिंबी काठाचा.

फेलिसिताने रुमालाकडे पाहिलं. मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण तेव्हा बरंच वाटलं.

बायका गेल्यावर उघडलं. पडदा काळाच होता. तळाशी दोन ओळी होत्या आणि त्या वर जात नव्हत्या. मी एक कळ दाबली. काही नाही. रुमाल कपाटात ठेवला आणि खाटेवर जाऊन डोळे मिटले. आयुष्यभर मी लोकांना सांगत आले की बाई कामाने थकते, लबाडीने नाही.

नामुली आली. गोळ्यांची पुडी टेबलावर पडली तो आवाज ऐकला. मग कळांची टकटक.

"जज्जा, जागी आहेस? याला कुणी हात लावला?"

"वीज गेली होती," मी म्हटलं. लगेच. विचारही न करता. वीज गेली तरी चालतं असं तिनेच सांगितलं होतं, तेही आठवलं नाही.

तिने काहीतरी लिहिलं. पडद्यावर लांबलचक यादी आली. ती बोट फिरवत खाली खाली गेली आणि एका ओळीवर थांबली. मग म्हणाली, "बायका चारलाच आल्या ना?"

"दर वेळी चारलाच येतात."

"बरं." मग बाहेरच्या नळावर गेली. बराच वेळ नळ चालू होता. परत आली तेव्हा तोंड धुतलेलं होतं. म्हणाली, "हो जज्जा, विजेचंच काहीतरी झालं असणार. चूक माझीच. दोर तिकडे बांधायला हवा होता."

भोळी आहे बिचारी. पटलं तिला.

आणि हेही लिहिते. "चूक माझीच" असं ती म्हणाली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. ऐंशीला टेकले, तरी मी अशी आहे.


रविवार, ८ सप्टेंबर
दाब लिहीत नाही. पट्ट्याला काय कळतं.

चर्चमधून आल्यावर नामुलीने मॅडमना फोन केला. मी ओसरीवर शेंगा सोलत होते. ती म्हणाली, "मॅडम, गुरुवारी आमच्याकडे वीज गेली, नेट बंद झालं, काम तुटलं. नाही मॅडम, उद्यापर्यंत होणार नाही. परत रांगेत शेवटी आहे." थोडा वेळ ऐकलं. "थँक्यू मॅडम."

मला येऊन म्हणाली, "त्या म्हणाल्या, विजेला कोण काय करणार. आठवडाभर मुदत वाढवून मागतात. कुणी रांगेतली आपली जागा दिली तर होईलही."

"बघ, झालं ना!" मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं.

तिने माझ्यासमोरच्या सोललेल्या शेंगा उचलल्या. म्हणाली, "टरफलं आणि दाणे एकत्र टाकते आहेस, जज्जा."


मंगळवार, १० सप्टेंबर

आज सगळं फिसकटलं.

नामुलीच्या वर्गात लुतालो म्हणून मुलगा आहे. आमच्याच मित्यानाचा. त्याच्या बापाचं पेट्रोल पंपामागे वेल्डिंगचं दुकान. मॅडमनी त्यालाच विचारलं, की नामुलीच्या भागात विजेची अडचण आहे, तुझी रांगेतली जागा तिला देशील का? तो सरळ पोरगा. म्हणाला, "देतो की मॅडम. पण अडचण कसली? गुरुवारी मी दिवसभर बापाच्या दुकानात फाटकं जोडत होतो. दिवा एकदाही लुकलुकला नाही."

फोन आला तेव्हा नामुली मला चालवत होती. एक हात माझ्या काखेत, एक फोनला. दोन-तीनदा "येस मॅडम" म्हणाली. एकदा "नो मॅडम." शेवटी "सॉरी मॅडम." माझ्या काखेतला हात घामाने ओला झाला, पण ढिला पडला नाही.

"काय म्हणते ती?"

"काही नाही. चाल तू. अजून दहा पावलं."

"नामुली, मी पडलेली आहे, बहिरी नाही."

मग सांगितलं. मॅडम म्हणाल्या, काम तुटलं ते मी सोडून दिलं असतं. पण खोटं बोलणारीच्या आकड्यांवर मी सही कशी करू? उद्या तू जंतूंबद्दलही खोटं लिहिशील. केंद्रासाठी तिचं नाव मागे घेतलं. विद्यापीठाच्या यादीतही तिच्या नावापुढे लिहिणार आहेत.

"काय लिहिणार?"

"जे आहे ते."

मी दहा पावलं चालले. वीसही चालले असते. थांबले असते तर तिच्याकडे बघावं लागलं असतं.


गुरुवार, १२ सप्टेंबर
दाब १८०/१०५. नर्स ओरडेल. ओरडू दे.

कंबर दुखते म्हणून रोझरीला येऊ नका, असा मंडळाला निरोप दिला. आणखी एक खोटं. आता मोजत नाही. तरी फेलिसिता एकटीच आली. टोपलीत पाच अवाकाडो, झाडाचे पहिले.

बसली. टेबलाकडे पाहिलं. म्हणाली, "नालोंगो, त्या दिवशी तू ते झाकलंस गं. मला बघायचं होतं. माझा नातू म्हणतो, नामुली इथे बसून दुसऱ्या देशातलं यंत्र चालवते. मी त्याला म्हटलं, मी डोळ्यांनी बघून येते. आणि तू रुमाल टाकलास!"

"तू तर उजेडावरून टोमणा मारला होतास."

"मी? केव्हा? अगं, मी गंमत केली. तुला कधीपासून गंमत कळेनाशी झाली?"

तिला चहा द्यायला हवा होता. दिला नाही. ती गेली आणि अवाकाडो टेबलावर राहिले.

नामुली बागेत रोगट केळी उपटत होती. मी काठी घेतली. पडल्यापासून पहिल्यांदा एकटी, बांधापर्यंत गेले. ती धावत आली. "जज्जा! पडशील!"

मी म्हटलं, "वीज गेली नव्हती. झाकण मी मिटलं."

तिने कोयता खाली ठेवला. म्हणाली, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"यंत्रही वही लिहितं, जज्जा. झाकण मिटलं चार वाजून बारा मिनिटांनी. उघडलं चार अठ्ठावन्नला. मी गावात होते. घरात तू होतीस आणि मरियामाता होती. मातेने मिटलं असेल असं मला वाटलं नाही."

म्हणजे त्याच दिवशी. नळावर गेली तेव्हाच. आणि मी इथे 'भोळी' म्हणून लिहून ठेवलंय. खोडणार नाही. राहू दे.

"मग मॅडमना खरं का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? माझी आजी खोटं बोलली? मोठ्यांचं उघडं पाडू नये, हे मला शिकवलं कुणी?"

मीच शिकवलं. छडी घेऊन शिकवलं.

"उद्या मला कंपालाला ने," मी म्हटलं.

"तुला बसवणार नाही टॅक्सीत. फोन करू."

"फोनवर मी वीज गेली असंही सांगू शकते. तोंड बघून सांगते."


शनिवार, १४ सप्टेंबर

काल जाऊन आलो. आज लिहिते, काल बसवत नव्हतं.

टॅक्सी म्हणजे छोटी बसच, चौदाजणांच्या जागेत अठराजण. प्रत्येक खड्डा खुब्यात उतरत होता. नामुलीने दोनदा विचारलं, परत जायचं का? मी म्हटलं, पुढे बघ.

डॉक्टर अतिमचं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर. मला बघून त्या उठल्या, खुर्ची दिली. उंच, बारीक, उत्तरेकडची बाई. आमची भाषा त्यांना बाजारात टोमॅटो घेण्यापुरती येते. आणि माझी इंग्रजी तर त्याहून कमी. मी आजूबाजूला पाहिलं. मधे बोलायला कोण? नामुलीच होती.

मी बोलायला लागले. घरी पाठ केल्यासारखं झालं होतं. गोळ्या, रोझरी, बोट रोखलेलं, मिटलेलं झाकण, वीज. नामुली भिंतीकडे बघत ते इंग्रजीत सांगत होती. माझं लांबलचक, तिचं आखूड. एवढं आखूड कसं? मग माझ्या कानावर एक शब्द पडला. 'मिस्टेक.' तो मला ओळखू येतो. शाळेतली सिस्टर पाटीवर लाल खडूने तोच लिहायची.

पोर परत मला झाकत होती. माझाच कबुलीजबाब माझ्यावर रुमालासारखा घालत होती.

मी टेबलावर काठी आपटली. "नो मिस्टेक," मी म्हटलं. "आय नो. आय क्लोज." आणखी शब्द शोधले, सापडला तो एकच. "आय लाय."

नामुली माझ्याकडे वळली. मॅडमही. मग त्यांनी तिला काहीतरी विचारलं. माझ्याबद्दल नव्हतं, हे त्यांच्या डोळ्यांवरून कळलं. नामुलीने मान खाली घातली आणि म्हणाली, "येस मॅडम. दॅट डे."

म्हणजे तुला माहीत होतं का, असं विचारलं. मला वाटलं होतं, मी बोलले की पोरगी धुऊन निघेल. तसं नसतं. माहीत असून ती मॅडमशी खोटं बोलली होती, आणि ते माझ्या बोलण्याने आणखी स्पष्ट झालं. मी तिला सोडवायला गेले आणि आणखी एका गाठीत बांधलं.

मॅडमनी समोरचे कागद चाळले. मग हळूहळू बोलल्या आणि नामुलीने मला सांगितलं. केंद्रातली जागा बुधवारीच दुसऱ्याला गेली. ती परत येणार नाही. यादीत नावापुढे लिहिलेलं त्या खोडतील, पण तिने त्यांना स्वतः पत्र लिहायचं, स्वतःच्या खोट्याचं, माझ्या नाही. यंत्राच्या रांगेत ती शेवटी आहे, तिथेच राहील. नोव्हेंबर उजाडेल.

"येस मॅडम," नामुली म्हणाली.

मी काठीवर जोर देऊन उठले. दाराशी पोचलो तेव्हा मॅडमनी मागून एक प्रश्न विचारला. नामुली दाराची कडी धरून उभी राहिली. मला सांगावं की नाही, असा तिचा चेहरा.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, का? तुला सांगून ठेवलं होतं, तुला कळलंही होतं. मग का मिटलंस?"

आठवडाभरात नामुलीने मला हे विचारलं नव्हतं. एकदाही नाही.

मी दाराशीच उभं राहून सांगितलं. फेलिसिता म्हणून एक बाई आहे, तिचे रुमाल माझ्यापेक्षा पांढरे आहेत. ती माझ्या बैठकीकडे बघेल आणि बायका हसतील, एवढ्यासाठी. दुसरं कारण नाही. देवासाठी नाही, रोझरीसाठी नाही. आणि मिटल्यावर मला बरं वाटलं, हेही सांग.

नामुली माझ्याकडे बघत राहिली. तिच्या बापासारखी अजिबात दिसत नव्हती. मग मॅडमकडे वळली, पाठ ताठ केली आणि बोलायला लागली. या वेळी तिचं बोलणं माझ्याएवढंच लांब होतं. फेलिसिताचं नाव आलं. रुमाल हाताने हवेत काढून दाखवले. शेवटी मला बरं वाटलं होतं, तेही सांगितलं.

तिने एकही शब्द गाळला नाही.